घरांतील जुना चांदीचा रुपया : खरा कीं खोटा ?

जुना वाडा उकलतांना, कणगीचा तळ साफ करतांना, किंवा घरांतील वडील माणूस गेल्यावर त्याची पेटी उघडली असतां राणीछाप व राजाछाप रुपये हातीं येतात, असा अनुभव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. एके काळीं सारा भरून उरलेली शिल्लक ठेवण्यास शेतकऱ्यास याहून भरवशाचें साधन नव्हतें. हे रुपये १९४० नंतर टप्प्याटप्प्यानें चलनांतून काढून घेण्यांत आले. परंतु जे गाडग्यांत, कमरेच्या कशांत किंवा बायकांच्या गळ्यांतील माळेंत राहिले ते राहिलेच. आज त्यांतील नुसत्या चांदीचीहि किंमत बरीच येते, आणि एखाद्या दुर्मिळ सालाच्या रुपयास संग्राहक लोक चांदीच्या कितीतरी पट देतात. जेथें इतकी किंमत तेथें लबाडीहि आलीच.

आमच्या घरीं आजीच्या पश्चात् पितळेच्या डब्यांत तेवीस रुपये निघाले. ते घेऊन मी तालुक्याच्या गांवीं एका दुकानीं गेलों. दुकानदारानें प्रत्येक रुपया धातु तपासण्याच्या यंत्राखालीं धरला आणि दोन ढीग केले. सोळा रुपयांत शेंकडा एक्क्याण्णव-ब्याण्णव चांदी दिसली, ते 'खरे'. सातांत पन्नास-साठच दिसली, ते 'खोटे'. खोट्यांबद्दल तो जवळजवळ तांब्याचाच भाव देऊं लागला, आणि तोहि उपकार केल्यासारखा. मीं सर्व रुपये फडक्यांत बांधून परत आणले. पुढें सावकाश तपासतां असें आढळलें कीं, ते सातहि रुपये टांकसाळींतून निघालेले अस्सल होते. उलट खऱ्यांच्या ढिगांतील एक मात्र बनावट होता.

यांत यंत्राची चूक नव्हती. 'यांत चांदी किती ?' आणि 'हा टांकसाळींत पाडला गेला काय ?' हे दोन प्रश्न अगदीं निराळे आहेत. यंत्र पहिल्याचें उत्तर देतें; आपण तें दुसऱ्याचें समजतों. जुन्या रुपयाच्या बाबतींत होणारी बहुतेक फसवणूक या एकाच घोटाळ्यांतून होते, म्हणून तो प्रथम उलगडला पाहिजे.

चांदी चोख आणि रुपया बनावट, हें कसें ?

१८३५ सालीं कंपनी सरकारनें कायदा करून आपल्या सर्व मुलखांत एकच रुपया चालू केला. त्याचें वजन १८० ग्रेन. त्यांपैकीं १६५ ग्रेन शुद्ध चांदी व १५ ग्रेन हीण. म्हणजे बारा भागांत अकरा भाग चांदी. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापानें ११.६६ ग्रॅम. आपल्या घरांत अजून 'रुपयाभार हळद' किंवा 'दोन रुपयेभार सुंठ' असें बोललें जातें तें यामुळेंच, आणि ऐंशी रुपयांचा पक्का शेर होई तोहि यामुळेंच. त्यापूर्वीं आपल्याकडे चांदवडी, अंकुशी वगैरे नाना तऱ्हेचे रुपये चालत. प्रत्येकाचा कस निराळा, म्हणून पोतदारानें पारखून बट्टा कापून घ्यावयाचा. नांवास बट्टा लागतो तो याच व्यवहारांतून आलेला शब्द आहे.

१८९३ पर्यंत कोणीहि चांदी टांकसाळींत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊं शके. त्यामुळें रुपयांतील चांदीची किंमत व रुपयाची किंमत यांत फारसें अंतर राहत नसे. अशा काळीं बनावट रुपया करणाऱ्यास चांदी वापरून कांहींच सुटत नव्हतें. त्याला शिसें, कथील, पितळ किंवा चांदीचा मुलामा दिलेलें तांबें वापरणें भाग होतें. परंतु जगांत चांदीचा भाव घसरत चालला, तेव्हां सरकारनें १८९३ सालीं टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद केल्या. रुपयाची किंमत पुढें एक शिलिंग चार पेन्सवर धरून ठेवण्यांत आली व आंतील चांदी तिच्याहून स्वस्त झाली. तेव्हांपासून चोख चांदी घेऊन घरीं रुपया केला तरी नफा होऊं लागला ! म्हणून त्या काळचा खोटा रुपया कधीं कधीं खऱ्याइतक्याच चांदीचा असतो. आमच्या आजीनें जपून ठेवलेला तो एक अशाच जातीचा होता. आज याला तिसरा प्रकार मिळाला आहे. तो म्हणजे खर्चण्यासाठीं नव्हे, तर संग्राहकास विकण्यासाठीं चांदीचाच बनविलेला दुर्मिळ सालाचा रुपया.

आतां त्या सात 'खोट्यां'विषयीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत चांदीची टंचाई झाली, आणि १९४० पासून रुपयांतील चांदी शेंकडा पन्नासांवर आणण्यांत आली. उरलेल्यांत चाळीस भाग तांबें, पांच भाग निकेल व पांच भाग जस्त. वजन मात्र तेंच ११.६६ ग्रॅम ठेवलें. १९४० ते १९४५ सालच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयांत निम्मी चांदी असणें हीच त्यांच्या खरेपणाची खूण आहे. अशा रुपयांत कोणी ब्याण्णव टक्के चांदी दाखवूं लागला, तर त्यानेंच दचकावें. वापरानें व धुण्यानें पृष्ठभागावरचें तांबें थोडें निघून जातें, आणि यंत्र तर वरच्या अगदीं पातळ थराचीच बातमी देतें. म्हणून पन्नासाऐवजीं साठ दिसले तरी आश्चर्य मानूं नये. याच कारणास्तव जाड मुलाम्याचें तांबेंहि यंत्रास चकवूं शकतें. १९४७ सालचा वाघाचें चित्र असलेला रुपया तर निव्वळ निकेलचा आहे. तो लोहचुंबकास चिकटतो, म्हणून तो खोटा ठरत नाहीं; त्यांत चांदी कधीं नव्हतीच.

तराजू काय सांगतो

घरच्या घरीं करण्याजोगी पहिली परीक्षा वजनाची. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा लहान इलेक्ट्रॉनिक कांटा हल्लीं थोड्या पैशांत मिळतो. न झिजलेला रुपया ११.६६ च्या अगदीं जवळ भरला पाहिजे. अधेली ५.८३, पावली २.९२ आणि चांदीची चवली १.४६ ग्रॅम. चलनांत फिरून रुपया झिजतो हें खरेंच. १९०६ च्या कायद्यानें शेंकडा दोन इतकी घट चालवून घेतली जाई, म्हणजे सुमारें ११.४३ ग्रॅमपर्यंत. त्याहून हलके झालेले खरे रुपयेहि सांपडतात. पण मग झीज चेहऱ्यावर दिसली पाहिजे. राणीच्या केसांच्या बटा पुसल्या आहेत, मुकुटाचे मणी सपाट झाले आहेत व वजन ११.२ आहे, तर तक्रार नाहीं. परंतु मणी न् मणी मोजतां येतो आणि वजन मात्र ११.१, तर वजन गेलें कोठें ?

पितळ किंवा जर्मन सिल्व्हर हे धातु चांदीहून हलके. त्यांचा त्याच मापाचा रुपया केला तर तो साडेनऊ-पावणेदहा ग्रॅमच भरेल. इतकी तूट झिजेनें येत नाहीं. वजन साधावयाचें म्हटलें तर रुपया जाड करावा लागतो. म्हणून वजनाबरोबर व्यास व जाडीहि पाहावी. व्यास सुमारें साडेतीस मिलिमीटर असतो. पण त्याच राजाचा एक खात्रीचा रुपया मिळवून दोन्ही एकमेकांवर ठेवून बोट फिरविणें ही सर्वांत सोपी रीत आहे. माळेंतील रुपयांस कडी डाखलेली असते किंवा ती काढल्याचा डाग असतो; तेथें वजन कमीअधिक भरेल, एवढें ध्यानांत ठेवावें. तेवढ्यानें तो रुपया खोटा होत नाहीं, मात्र संग्राहकाच्या लेखीं त्याची किंमत पडते.

वजन व माप दोन्ही जुळूनहि शंका राहिली, तर पाण्याची परीक्षा करावी. वाटींत पाणी घेऊन ती कांट्यावर ठेवावी व आंकडा शून्य करावा. रुपयास बारीक दोरा बांधून तो पाण्यांत पुरता बुडेल, पण तळास किंवा कांठास लागणार नाहीं असा हातानें धरून ठेवावा. अंगाला हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर झटकून टाकावे. आतां कांट्यावर दिसेल तो आंकडा म्हणजे रुपयानें सारलेल्या पाण्याचें वजन. रुपयाच्या कोरड्या वजनास या आंकड्यानें भागावें. जुन्या, बारांत अकरा भाग चांदीच्या रुपयास हा आंकडा १.१३ च्या आसपास येतो व भागाकार १०.३, १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयास १.२३ व भागाकार ९.५ च्या जवळ. पितळ, जर्मन सिल्व्हर, तांबें यांचा भागाकार साडेआठ ते नऊच्या दरम्यान राहतो. पुष्कळ शिसें व थोडें कथील यांच्या मिश्रणानें १०.३ साधणें अशक्य नाहीं, पण तो धातु इतका मऊ व त्याचा आवाज इतका बद्द कीं सहसा चुकायला होत नाहीं.

आवाजावर आमच्या वडीलधाऱ्यांची मोठी भिस्त असे. दगडी जोत्यावर रुपया टाकून खणखणाट ऐकल्याखेरीज ते तो घेत नसत. तो कान ज्याला आहे त्यानें अवश्य ऐकावें. मात्र खऱ्या रुपयास बारीकशी चीर असली किंवा कडी डाखलेली असली तरीहि आवाज बद्द येतो, आणि चांदीचा बनावट रुपया तर चांदीसारखाच वाजतो. लोहचुंबकाचा उपयोग एवढाच कीं लोखंडी गाभा असेल तर तो उघडा पडतो. न चिकटलें म्हणजे चांदी ठरली असें नाहीं. शिसें, तांबें, पितळ यांपैकीं कांहींच चिकटत नाहीं.

ठशाचा रुपया आणि ओतीव रुपया

वर सांगितलेल्या सर्व परीक्षा धातूच्या झाल्या. टांकसाळीचा प्रश्न डोळ्यांनींच सुटतो, आणि त्यासाठीं दहापट मोठें दाखविणारें भिंग पुरतें.

टांकसाळींत चांदीची चकती दोन पोलादी ठशांमध्यें प्रचंड दाबानें दाबली जाते. तिचा धातु ठशाच्या प्रत्येक कोपऱ्यांत शिरतो. म्हणून खऱ्या रुपयाचीं अक्षरें पृष्ठभागांतून भिंतीसारखीं सरळ उठलेलीं असतात, मधली मोकळी जागा नितळ असते, आणि कडेचे दांते सगळीकडे सारखे. बनावट करणारा बहुधा खऱ्या रुपयाचा सांचा घेऊन त्यांत धातु ओततो. ओतलेला धातु थंड होतांना आंखडतो, त्यामुळें नाणें मूळ रुपयाहून किंचित् लहान होतें. अक्षरांचे पाय गोलसर, साबण वापरून झिजावा तसे. मोकळ्या जागेंत वाळूसारखी खरखर किंवा सुईच्या टोकाएवढीं छिद्रें दिसतात. कडेला दोन सांच्यांच्या जोडाची रेषा असते, आणि ती घांसून काढली असेल तर कानशीचे ओरखडे व कोठें दाट कोठें विरळ असे दांते.

आमचा तो रुपया १९०७ सालचा, सातव्या एडवर्डचा. राजाच्या दाढीचे केस बऱ्यापैकीं उठून दिसत होते, तरी वजन ११.१ भरलें. पाण्याच्या परीक्षेंत मात्र तो चांदीच ठरला. दुसऱ्या एडवर्डछाप रुपयावर ठेवतांच सभोंवार खालच्या रुपयाची बारीक कड दिसूं लागली, आणि भिंगाखालीं कानाजवळ तीन छिद्रें सांपडलीं. मग संशय उरला नाहीं.

आणखी एक खूण सांगतों. ती एका जत्रेंत माझ्या कामीं आली. विक्रेत्याजवळ एकाच सालाचे दहा-बारा राणीछाप रुपये होते, सर्व काळवंडलेले व जुने दिसणारे. पाहतां पाहतां लक्षांत आलें कीं प्रत्येक राणीच्या गालावर, नेमक्या त्याच ठिकाणीं, तिरपी अशी एकच खोंक आहे. रुपया हातोहात फिरतांना खोंक पडते, पण बारा रुपयांस एकाच जागीं पडत नाहीं. मूळच्या एका रुपयाची ती खोंक सांच्यांत उतरली आणि साऱ्या पिल्लांत आली. काळेपणाहि फसवा होता. वर्षानुवर्षें ठेवलेल्या चांदीवर धरणारा काळसर थर बोटानें सुटत नाहीं. येथें ओल्या रुमालास काळें लागलें.

साल, राजा आणि अक्षरें

बनावट करणारा कारागीर असतो, पण तो इतिहास वाचलेला असतोच असें नाहीं. पुष्कळ खोटे रुपये नुसत्या सालावरून पकडले जातात.

१८३५ सालच्या चौथ्या विल्यमच्या रुपयावर राजाच्या नांवापुढील चाराचा रोमन आंकडा चार उभ्या रेघांनीं लिहिलेला आहे. १८४० च्या रुपयावर तरुण व्हिक्टोरिया राणी मुकुटाशिवाय दिसते व मागें 'ईस्ट इंडिया कंपनी' हीं अक्षरें असतात. १८६२ पासून मुकुटधारी राणी आली. तेव्हांपासून कांहीं वर्षें टांकसाळ सालच बदलीत नसे. १८६२ हेंच साल १८७४ पर्यंत चाललें, म्हणून १८६२ चे रुपये जिकडे तिकडे सांपडतात व ते दुर्मिळ नाहींत. उलट १८६३ ते १८७३ यांपैकीं एखादें साल असलेला चलनी रुपया कोणी दाखविला तर हात आंखडावा. १८७७ पासून राणीच्या नांवापुढील 'क्वीन' हा शब्द जाऊन 'एम्प्रेस' आला. 'एम्प्रेस' लिहिलेला १८६२ चा रुपया म्हणजे दोन निरनिराळ्या सांच्यांचा संकर ! एडवर्ड १९०३ ते १९१० या सालांत, आणि त्याच्या डोक्यावर मुकुट नाहीं.

पांचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची गोष्ट पुष्कळांनीं ऐकली असेल. राजाच्या अंगावरील पदकमाळेंत एक लहानसा हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आंखूड उमटली कीं लोकांस तो डुक्कर वाटला व ओरड झाली. टांकसाळींतून निघालेल्या रुपयांपैकीं बहुतेक परत घेऊन आटविण्यांत आले, आणि १९१२ पासून सोंड स्पष्ट केली. त्यामुळें १९११ चा रुपया संग्राहक शोधतात. पण साल १९११ आणि सोंड चांगली लांब असेल, तर सालाचा आंकडा कोणीतरी कोरून बदलला आहे असें समजावें.

याहून मोठी लालूच १९३९ च्या रुपयाची. तो फारच थोडा उरला आहे, म्हणून त्याच्या नकलाहि फार. येथें कडेकडे पाहावें. बनावट रुपये वाढल्यामुळें १९४० पासून कडेच्या दांत्यांमध्यें एक खांच ठेवून तींत नक्षी उठविण्यांत येऊं लागली. १९३९ चा रुपया जुन्या पद्धतीचा, साध्या दांत्यांचा व बारांत अकरा भाग चांदीचा. खांचेची कड व निम्मी चांदी घेऊन आलेला '१९३९' हा आंकडा बदललेला पुढचा रुपया होय. सालाचे आंकडे भिंगानें पाहिले तर बदललेल्या आंकड्याभोंवतीं खरवडल्याचा डाग किंवा चिकटविल्याची फट बहुधा दिसतेच.

हें करूं नये

रुपया कानशीनें घांसून किंवा कडेला छिन्नीचा टोला मारून आंत काय आहे तें पाहण्याची जुनी खोड पुष्कळांस आहे. त्यानें मुलामा उघडा पडतो हें खरें, पण रुपया खरा निघाला तर नुकसान आपलेंच. तेजाबाचा थेंबहि तसाच. आणि चिंच, राख, दांत घांसण्याची पूड यांनीं रुपया चकचकीत करून बाजारांत नेऊं नये; संग्राहक त्या काळ्या थरासकट रुपया मागतो, व घांसलेल्यास मोडीचा भाव देतो. माती लागली असेल तर साध्या पाण्यानें धुवून कापडानें टिपावें, इतकेंच.

बाजारांत आणखी कांहीं जिनसा फिरतात, त्यांस परीक्षेचीहि गरज नाहीं. एका बाजूस राम-सीता किंवा मारुति व दुसऱ्या बाजूस 'ईस्ट इंडिया कंपनी', 'हाफ आणा', १८१८ असें लिहिलेलें नाणें हें देवस्थानच्या दुकानांतील खेळणें आहे; असें नाणें कंपनीनें कधीं पाडलें नाहीं. तांदूळ ओढणारें नाणें तर निव्वळ ठकबाजी; ओढले जाणारे तांदूळच आधीं लोहमिश्रित करून आणलेले असतात. यापायीं जमीन गहाण टाकलेले लोक आहेत, म्हणून लिहिलें. 'खणतांना हंडा सांपडला, गुपचूप विकावयाचा आहे' असें सांगत रात्रीं येणारा मनुष्य पहिले दोन रुपये खरेच दाखवितो. पारखून घेतलेले दोन व पुढें हातीं येणारे दोनशें यांचा कांहीं संबंध नसतो.

आपल्याच शेतांत नांगरतांना खरोखर नाणीं सांपडलीं, तर १८७८ चा निखात निधीचा कायदा लागू होतो. जमिनींत दडलेला निधि दहा रुपयांहून अधिक किंमतीचा असेल तर सांपडणाऱ्यानें जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविलें पाहिजे. न कळविल्यास त्याचा वांटा तर जातोच, शिवाय शिक्षाहि होते. घरच्या पेटींतील वडिलार्जित रुपयांस हा कायदा लागत नाहीं.

आमच्या डब्यांतील रुपये आतां निरनिराळ्या कागदी पाकिटांत ठेवले आहेत, व प्रत्येक पाकिटावर साल, वजन आणि पाण्याच्या परीक्षेचा आंकडा लिहिला आहे. त्या एडवर्डच्या पाकिटावर 'ओतीव, विकूं नये' असें तांबड्या शाईनें लिहिलें आहे. नाहींतर पुढच्या पिढींतील कोणी चांदी पाहून तो भाबडेपणानें खरा म्हणून देऊन बसेल. आजीला तो कोणी दिला असेल, आणि त्या दिवशीं तिनें तो जोत्यावर वाजवून घेतला होता कीं नाहीं, हें आतां विचारावयास कोणी नाहीं.